शिराळा यादीत, जत बाहेर

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात सांगली जिल्ह्यातले चार तालुके होते, शिराळा, कडेगाव, खानापूर-विटा आणि मिरज. सातारा जिल्ह्यातले दोन होते, वाई आणि खंडाळा. जत नव्हता, आटपाडी नव्हता, माण आणि खटावही नव्हते.

हा मुलूख ज्यांच्या पायाखालचा नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल सांगायला हवा. शिराळा सह्याद्रीला टेकलेला तालुका. चांदोलीचं जंगल इथलं, वारणा इथली, शिवारात भात. वाई म्हणजे कृष्णाकाठ आणि धोम धरण. जत, आटपाडी, माण, खटाव ही नावं मात्र इकडच्या शाळकरी पोरालाही दुष्काळाच्या जोडीनेच पाठ असतात. माणदेशातली माणसं पोटापाण्यासाठी मुंबईला गेली, आटपाडी-विट्याकडची गलाई कामगार होऊन देशभर सोनं-चांदी गाळत फिरली. जतच्या सीमेवरच्या गावांनी तर २०१२ साली, पाणी देत नसाल तर आम्ही कर्नाटकात जातो, असे ठराव केले होते. तोच जत यादीत नाही आणि शिराळा आहे, हे वाचल्यावर छापणाऱ्याची चूक झाली असावी असंच कुणालाही वाटलं असतं.

चूक नव्हती. मग निवेदनं निघाली, रास्ता रोकोचे इशारे आले. विरोधकांनी यादीत राजकारण आहे म्हटलं आणि सरकारने निकष केंद्राचे आहेत म्हटलं. अशा वेळी दोन्ही बाजूंची वाक्यं ठरलेली असतात, त्यामुळे त्यांतून फारसं काही कळत नाही. दुष्काळ मोजतात कसा, मोजतो कोण आणि मोजलेलं कुणाला दाखवतात, हे पाहिलं तर बरंच कळतं.

जुनी पद्धत आधी पाहू. तिचं नाव आणेवारी, पुढे आण्यांचे पैसे झाले तशी पैसेवारी. साधारण चांगल्या वर्षी एखाद्या पिकाचं जे उत्पन्न यायला हवं ते रुपया धरायचं आणि यंदा त्यातलं किती आलं ते पैशांत सांगायचं. ५० पैशांच्या आत आलं की टंचाई, वर गेलं की पीकपाणी ठीक. सप्टेंबरच्या सुमारास नजर पैसेवारी लागते, मग सुधारित, आणि डिसेंबरात अंतिम. पहिलीत नावाप्रमाणे नजरेचाच कारभार असतो. अंतिम पैसेवारीसाठी मात्र कापणी प्रयोग करावा लागतो.

हा प्रयोग जवळून पाहण्यासारखा असतो. सर्कल, तलाठी, सरपंच, सोसायटीचे चेअरमन आणि गावातले दोन-चार शेतकरी ठरलेल्या वावरात जातात. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद चौकोन टेपने मोजतात, चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकतात, सुतळी ताणतात. त्या चौकोनातली बाजरी कापून कणसं बडवली जातात, दाणे पाखडून काट्यावर घातले जातात. वजन कागदावर उतरतं, त्याखाली सह्या होतात. एका चौकोनावरून वावर, वावरावरून शिवार आणि शिवारावरून गाव.

हे सगळं उघड्यावर चालतं आणि तरी त्यावर कुणाचाही पूर्ण विश्वास नसतो. चौकोन कुठे टाकायचा यावरूनच पहिली कुरकुर होते. विहिरीकाठच्या तुकड्यात टाकला तर गाव म्हणतं, ‘भाऊसाहेब, माळावरचं काय?’ माळावर टाकला तर सर्कलला वर जाब द्यावा लागतो. गावाला आकडा ५० च्या आत हवा असतो, कारण त्यावर शेतसाऱ्याची सूट, कर्जाचं पुनर्गठन आणि पोरांच्या परीक्षेची फी माफ होणं अवलंबून असतं. वरच्या कचेरीला आकडा फार खाली गेलेला नको असतो, कारण तिजोरी वरच्यांची. या ओढाताणीत एखाद्या गावाची पैसेवारी ४९ वर थांबते आणि शेजारच्या गावाची ५१ वर, आणि दोन्ही गावांच्या मध्ये फक्त एक ओढा असतो. पैसेवारीला शास्त्रीय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण एक गोष्ट तिच्या बाजूने आहे. जो आकडा निघतो त्याच्याशी गावाला भांडता येतं. खुंट्या कुणी ठोकल्या हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

भांडणही नवं नाही. १९१८ च्या खेडा सत्याग्रहाच्या मुळाशी आणेवारीच होती. पीक चार आण्यांच्या आत आलं तर सारावसुली तहकूब करावी, असा नियम होता. सरकारी अंदाज चार आण्यांच्या वर होता, शेतकऱ्यांचा आत. गांधीजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून स्वतःची पाहणी केली आणि तिच्या जोरावर सरकारला आव्हान दिलं. त्याच्या चाळीस वर्षं आधी, १८७६-७७ च्या दुष्काळात, पुणे सार्वजनिक सभेने आपली माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवून टंचाईची माहिती गोळा केली होती आणि सरकारपुढे मांडली होती. त्या सभेचे आधारस्तंभ गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांचा जन्म साताऱ्याचा. आपल्याकडे सरकारी आकड्याला आकड्यानेच उत्तर देण्याची परंपरा घोषणाबाजीहून जुनी आहे, हे कुणी फारसं सांगत नाही.

सांगली जिल्ह्याने आणखी एक वाट दाखवली. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये वि. स. पागे यांच्या कल्पनेतून गावातच काम देण्याचा प्रयोग झाला. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. पुढे त्यातूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही तीच वाट धरली. गरजू कोण, याची यादीच सरकारने करायची नाही, ही तिच्यातली खरी करामत. उन्हात खडी फोडायला जो येईल तो गरजू. मोजणारा कुणी नाही, माणूस स्वतःहून येतो आणि आपली नोंद करतो. १९७२ च्या दुष्काळात, १९७३ च्या उन्हाळ्यात, राज्यातल्या दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती. इतकी माणसं कामावर आली, यापेक्षा दुष्काळाचा मोठा पुरावा कुठली समिती देणार?

पण गोम तिथेही होतीच. माणूस कामावर आला की हजेरीचं मस्टर आलं, आणि मस्टर आलं की खोटी नावं आली. गावात नसलेली, काही वेळा जगातही नसलेली माणसं कागदावर बंधारे बांधू लागली. त्यावरचा उतारा म्हणूनच केंद्रीय कायद्यात सामाजिक अंकेक्षणाचं कलम आलं. ग्रामसभेत मस्टर वाचायचं, नाव पुकारायचं आणि विचारायचं, ‘हा कामावर होता का?’ जिथे हे मनापासून झालं तिथे मस्टर सरळ झालं. जिथे पाच सह्या घेऊन उरकलं गेलं तिथे काय झालं असेल ते सांगायला नको.

आता नवी पद्धत. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता काढली आणि ७ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्राने ती स्वीकारली. पैसेवारीत माणसांचे हितसंबंध शिरतात, शिवाय तिचा आकडा फार उशिरा, डिसेंबरात, हाती येतो, या दोन तक्रारी खऱ्याच होत्या. म्हणून नव्या संहितेत आधी पाऊस पाहतात, म्हणजे तालुक्याच्या सरासरीच्या तुलनेत किती पडला आणि मध्ये किती आठवड्यांचा खंड गेला. त्यात तालुका अडकला की दुसरी चाळणी लागते, पेरणीचं क्षेत्र, उपग्रहाने टिपलेली झाडोऱ्याची हिरवाई, जमिनीतली ओल, धरणं आणि भूजल. त्यातूनही उरला तर दहा टक्के गावं निवडून शिवारात प्रत्यक्ष पडताळणी करायची. हे सगळं ऑक्टोबरअखेर संपवून यादी जाहीर करायची.

कागदावर हे पैसेवारीपेक्षा कितीतरी चोख दिसतं. मग शिराळा आत आणि जत बाहेर कसा?

समजा, एका तालुक्यात पावसाळ्यात सरासरी १००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि यंदा ५०० पडला. निम्मी तूट, म्हणजे तो पहिल्याच चाळणीत सापडणार. दुसऱ्या तालुक्याची सरासरीच ४०० ची आहे आणि यंदा ३३० पडला. तूट १७-१८ टक्क्यांची, म्हणजे तो सहीसलामत सुटणार. पहिल्यात दुसऱ्यापेक्षा पाऊस जास्त झाला, तरी दुष्काळी ठरणार पहिलाच. हे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण संहितेची मेख हीच आहे. ती तालुक्याची तुलना शेजाऱ्याशी करत नाही, त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या पावसाशी करते. जो बारमाही कोरडा आहे त्याचं कोरडेपण तिच्या लेखी सरासरीत जमा असतं.

म्हणून शिराळ्याचा दुष्काळ खोटा होता असं मी म्हणणार नाही. भाताच्या खाचरात पाणी उभं राहावं लागतं, जतच्या बाजरीला पुरेल तेवढ्या पावसात भात करपतो. भातवाल्याचं नुकसान नुकसानच आहे. प्रश्न एवढाच की हे गणित दोन्ही तालुक्यांना आधी कुणी समजावून सांगितलं होतं का? २०१८ च्या ३१ ऑक्टोबरला याच संहितेने १५१ तालुके जाहीर केले होते आणि त्यात जत, आटपाडी, माण होते. तेव्हा मनातला दुष्काळ आणि यादीतला दुष्काळ जुळले, त्यामुळे पद्धत काय आहे हे विचारायची गरज कुणाला पडली नाही. २०२३ मध्ये ते जुळले नाहीत आणि मग पद्धतीच्या जागी लोकांनी राजकारण पाहिलं. ज्याला गणित दिसत नाही तो हेतूच शोधणार. त्यात लोकांचा दोष मला फारसा दिसत नाही.

पावसाच्या आकड्याची स्वतःची एक कहाणी आहे. २०१७ पासून राज्यात महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळागणिक एक स्वयंचलित हवामान केंद्र उभं राहिलं, एका खासगी कंपनीच्या भागीदारीत. राज्यात अशी दोन हजारांवर केंद्रं आहेत. मंडळात दहा-पंधरा गावं, केंद्र एकाच गावात. इकडचे शेतकरी म्हणतात, पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरं कोरडं राहतं. केंद्राच्या गावात वळीव कोसळला तर बाकी साऱ्या गावांत तो पडला असं धरलं जातं, आणि हवामानावर आधारित पीकविम्याचे पैसेही त्यावरच हलतात. केंद्र झाडाखाली आहे, त्याच्याभोवती गवत वाढलंय, कुणी जाऊन बघतच नाही, अशा तक्रारी कुठल्याही तालुक्यात ऐकू येतात. मंडळनिहाय रोजचा पाऊस कृषी खात्याच्या संकेतस्थळावर सगळ्यांना पाहता येतो, ही चांगली सोय आहे. पण ते पाहणारा शेतकरी विरळा, आणि पाहून हरकत कुठे घ्यायची हे ठाऊक असलेला त्याहून विरळा.

दुरून मोजण्याची हौस फक्त दुष्काळापुरती नाही. २०२२ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या ओबीसी आरक्षणासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाच्या कामात आडनावांवरून जात ओळखली जाते आहे, असा बोभाटा झाला आणि ओबीसी संघटना खवळल्या. सांगलीकरांना तर हे ऐकून हसावं की रडावं कळेना. इथे पाटील मराठ्यांत आहेत, जैनांत आहेत, लिंगायतांत आहेत. जाधव आणि पवार किती जातींत आहेत ते विचारूच नका. दाराशी जाऊन विचारलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं.

२०२३ च्या यादीचं पुढे काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. दहा दिवसांत, १० नोव्हेंबरला, सरकारने आणखी ९५९ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर केली. निकष वेगळा होता. जून ते सप्टेंबरमध्ये सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी पाऊस आणि एकूण पाऊस ७५० मिलिमीटरच्या आत. जत, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांतली मंडळं आता आत आली. पुढे यादी वाढत वाढत १०२१ मंडळांवर गेली. त्यांना जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, कर्जवसुलीला स्थगिती वगैरे मिळालं. २०१८ मध्येही हेच घडलं होतं. आधी १५१ तालुके, आठवडाभरात २६८ मंडळं, आणि जानेवारीत ९३१ गावं. त्या गावांना जाहीर केलं ते कशाच्या आधारावर? अंतिम पैसेवारीच्या. त्यानंतर आणखी काही हजार गावं याच दाराने आत आली. उपग्रहाने जिला निवृत्त केलं होतं ती पैसेवारी मागच्या दाराने पुन्हा कामावर रुजू झाली.

यादी वाढवणं चुकीचं नव्हतं, उलट योग्यच होतं. पण ज्या गावाने मोर्चा काढला नसता त्याचं काय झालं असतं, हा प्रश्न त्यातून उरतो. ओरड केली की यादी वाढते, हा धडा गाव एकदा शिकलं की पुढच्या प्रत्येक यादीला ते ओरडूनच सामोरं जातं. मग मूळ यादी कितीही शास्त्रशुद्ध असो, ती पहिली बोली समजली जाते.

लोक सरकारी आकडा कधीच मानत नाहीत, हे मात्र खरं नाही. पावसाळ्यात सांगलीत जाऊन पाहा. ऑगस्टच्या सकाळी कुणी कुणाला नमस्कार करायच्या आधी विचारतो, ‘आयर्विनला किती झालंय?’ कृष्णेवरचा १९२९ चा आयर्विन पूल, त्यावरची पाण्याची पातळी, फुटांत. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं, २०१९ ला ५७ च्या. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोडवरच्या माणसाला विचारा, किती फुटांना त्याच्या उंबऱ्याला पाणी लागतं ते तो सांगेल, आणि आदल्या पुराला काय चुकलं तेही. हा आकडा पाटबंधारे खात्याचाच असतो. पण तो खोटा असेल अशी शंका कुणाच्या मनाला शिवत नाही, कारण पुलावर जाऊन तो कुणालाही पाहता येतो आणि तासाभराने आपल्या गल्लीत तपासता येतो.

तिथून नदीच्या वर किंवा खाली सरकलं की हाच विश्वास पातळ होतो. पाटण तालुक्यातल्या कोयना धरणातून किती क्युसेकने विसर्ग सुरू आहे, हे मोबाइलवर येतं, पण ते तपासणार कोण? खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं तर विचारूच नका. २०१९ च्या महापुरानंतर सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२० मध्ये तिने अहवाल दिला आणि अलमट्टीमुळे हा पूर आला नाही असं सांगितलं. सांगलीतले काही निवृत्त अभियंते आणि कार्यकर्ते आजही ते मान्य करत नाहीत, स्वतःचे तक्ते घेऊन बसतात. कोण बरोबर, हा इथला विषय नाही. पण आयर्विनच्या फुटांवरून असा वाद होत नाही आणि अलमट्टीच्या मीटरवरून होतो, यातलं अंतर लक्षात घेण्यासारखं आहे.

महसूल खात्याच्या हाताशी या अविश्वासावरचं साधन जुनंच आहे, चावडी वाचन. २०१७ मध्ये सातबारा संगणकावर चढवताना झालेल्या चुका काढण्यासाठी राज्यभर ते झालं. तलाठी चावडीत बसून उतारे वाचतो, लोक ऐकतात आणि मध्येच कुणीतरी उठतो. ‘भाऊसाहेब, ते क्षेत्र वीस गुंठे नव्हे, बावीस आहे. आणि इतर हक्कात माझ्या बहिणीचं नाव राहिलंय.’ भाऊबंदकीची जुनी उणीदुणी निघतात, अर्धा दिवस वाया जातो, कधी आवाज चढतात. पण तेवढ्यात शंभर उतारे दुरुस्त होतात. त्याच वर्षी कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरून घेतले गेले. त्यांच्या याद्याही चावडीवर वाचायला काढाव्या लागल्या. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. तिच्यात शेतकरी स्वतःच आपल्या वावरात उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि नोंद करतो. रेंज मिळत नाही, ॲप अडकतं, म्हाताऱ्या माणसांना नातवाची वाट पाहावी लागते, हे सगळं आहे. तरी नोंदीची सुरुवात तलाठ्याच्या टेबलावरून शेताच्या बांधावर आली, हा बदल मला मोलाचा वाटतो.

दुष्काळाच्या नव्या पद्धतीला चावडी जोडणं अवघड नाही. शंभर गावांचा तालुका असेल तर पडताळणीची दहा गावं. ती कोणती निवडली, कशी निवडली, कुणाकुणाच्या वावरात माणसं गेली आणि काय लिहून आली, हे गावात वाचून दाखवायचं. तालुक्याची सरासरी किती, यंदाचा पाऊस किती, तूट किती, हे तीन आकडे तहसीलच्या फलकावर लावायचे. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा आहे आणि त्याचं चौथं कलम, कुणी अर्ज करायची वाट न पाहता, अशी माहिती आपणहून जाहीर करायलाच सांगतं. यावर अधिकाऱ्यांचं ठरलेलं उत्तर असतं की ऑक्टोबरअखेरची मुदत गाठायची तर हरकती ऐकायला दिवस कुठले उरतात. दिवस उरत नाहीत हे खरं आहे. पण ३१ ऑक्टोबरची यादी १० नोव्हेंबरपर्यंत ९५९ मंडळांनी वाढवायला तेच दहा दिवस पुरले होते.